इंजिनाखालची हळद

सांगली, १८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पद्मा हिस,
अ. उ. आ. वि. वि. जय जिनेंद्र.

फोन करत नाही, कारण तुमच्याकडे फोन लागला की तुझे यजमान स्पीकर लावतात आणि अर्धी पेठ ऐकते. हे निवांत वाच.

ह्यांची, तुझ्या आप्पादादांची बोट धनपाल भावजी दसऱ्याला गल्लीच्या मंडळाला अर्पण करणार आहेत. सोबत स्वतःच्या नावाची पाटी, ‘महापुरातील तारणहार’. सोनेरी अक्षरं आहेत, मी पाहून आले. एकोणीसच्या पुरात तुझे आप्पादादा तापाने फणफणून आमच्या गच्चीवर पडले होते. आधी आप्पांनाच हलवतो असं सांगून भावजी बोटीची किल्ली घेऊन गेले, ते आलेच नाहीत. पुढे सगळ्यांना सांगितलं की इंजिन त्यांच्या गल्लीतच बंद पडलं. मी ती बोट त्यांच्या गोदामातली हळदीची पोती भरून जाताना गच्चीवरून पाहिली होती. पण मलाही ताप होता, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की मला भास झाला. पाणी ओसरायच्या आत आप्पा गेले.

म्हणून परवा मी इंजिन काढून घेतलं. बोट दोघा भावांची आहे, ती द्यायची तर देऊ देत. इंजिन आमच्या मळ्यातल्या पंपाचं, ह्यांनी स्वतः बसवलेलं. कुपवाडहून बिरदेव मिस्त्री चेन कप्पी घेऊन आला. शेडच्या लोखंडी तुळईला कप्पी अडकवली, इंजिनाला साखळी बांधली आणि ओढायला लागला, तर इंजिनासकट बोटच वर उठली. मी खाली उभी राहून इंग्रजीत जे बोलले ते कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलेलं नव्हतं. बिरदेव म्हणाला, “आवं बाई, एक बोल्ट ऱ्हायलाय.” बोट पुन्हा टेकवली, बोल्ट काढला, मग ते धूड सुटं झालं आणि रागावलेल्या म्हशीसारखं डोलत बाहेर आलं.

इंजिन निघालं तशी खालची जागा उघडी पडली. तिथे तेलात मळलेला पिवळा थर होता. नखाने खरवडून वास घेतला. हळद. गल्लीत बंद पडलेल्या बोटीत हळद कुठून आली, ते तेवढं तुझ्या भावाला विचार.

मुलांना आशीर्वाद. पावसात बाहेर हिंडू नकोस, तुझा गुडघा मला माहीत आहे.

तुझी वहिनी,
चंदना

सातारा, २५ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

पत्र पोचलं. यजमानांनी पाकीट उजेडाला धरून पाहिलं, त्यापलीकडे त्यांचं काही चाललं नाही. गुडघा बरा आहे. तुमची जीभही बरी दिसते.

तुम्ही सांगितलंत म्हणून धनपालदादाला विचारलं. तो रडायलाच लागला. वैनींनी इंजिन काढलं, आता दसऱ्याला बोट काय ढकलत न्यायची, म्हणत होता. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. हळदीचं विचारलं तर म्हणाला, पुरात त्याची काही पोती भिजली होती, सगळ्या पाण्यातच हळद कालवली गेली होती, थर कुठेही बसेल. हे अगदीच खोटं असेल असं मला म्हणवत नाही.

वहिनी, या आठवड्यात दशलक्षण पर्व बसतंय. शेवटी क्षमावणीला तो बस्तीत भगवंतांपुढे, सगळ्यांच्या देखत तुम्हाला हात जोडेल. त्या दिवशी मागणाऱ्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. तुम्ही क्षमा म्हणा, इंजिन परत बसवू द्या आणि हे मिटवा. मला आता एकच भाऊ उरलाय.

उपवास झेपतील तेवढेच करा. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
पद्मावती

सांगली, ९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. पद्मा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

उपवास सगळे झेपले. रागाने माणसाला बरंच बळ येतं.

काल क्षमावणी झाली. अभिषेकानंतर बस्तीत सगळे एकमेकांपुढे हात जोडत फिरत होते. भावजी आले, मागे मंडळाचे लोक. दरवर्षीचं वाक्य म्हणाले, जाणता अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. इतकी वर्षं मी या वाक्याला मान हलवत आले. यंदा म्हटलं, अजाणता जे झालं त्याची क्षमा केली. जाणता जे केलंत, त्याचं नाव घ्या.

ते हसले. मीही हसले आणि तिथेच सतरंजीवर बसून घेतलं. एक वडीलधारे गृहस्थ मला समजवायला आले, की आजच्या दिवशी उकरून काढू नये. मी त्यांना सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये मला दुसरा गाल पुढे करायला शिकवलं आणि बस्तीत क्षमा करायला. पण थोबाडीत बसलीच नव्हती असं म्हणायला दोन्हीकडे कुणी शिकवलं नाही. ते परत गेले. बाकीचे मात्र जागचे हलले नाहीत.

भावजी बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. पिवळ्या थराचं मी अवाक्षर काढलं नव्हतं. मग खाली बघत म्हणाले, “वैनी, इंजिन बंद पडलं न्हवतं. पोती आदी नेली. वाटलं, आप्पा धीराचा हाय, एक खेप थांबंल. एक एक म्हणता सगळं गोदाम हलवलं.”

मंडळातला एक जण चपला शोधायला बाहेर गेला. भावजी हात जोडून माझ्यापुढे उभे. रडत होते, आणि या वेळी खरं रडत होते, एवढं मला कळतं.

तू लिहिलेली रीत मी विसरले नव्हते. सगळी बस्ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उठले आणि म्हटलं, “भावजी, क्षमा तुम्ही आज पहिल्यांदा मागितलीत. पुढच्या क्षमावणीला पुन्हा मागा, तेव्हा बघू.” घरी आले आणि पोटभर जेवले.

उद्या बिरदेव इंजिन परत बसवतोय. बोट मंडळाला जाईल, पाटीशिवाय. पाणी चढलं की ती लागणारच आहे, आणि गच्चीवर जे अडकतील त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.

आता तुझं. मला भास झाला म्हणणाऱ्यांत तू पहिली होतीस. क्षमावणीचं तुझं कार्ड आजच आलं, छापील आहे, वर कमळ आहे. ते परत पाठवते. कोरा कागद घे आणि काय चुकलं त्याचं नाव घेऊन लिही.

पत्राची वाट पाहते. माया आहे, म्हणूनच पाहते.

तुझी वहिनी,
चंदना