संत्र्यासोबतची पुडी

बाबा, काल घरात संत्री आली. पांढुर्ण्याच्या आपल्या बागेतली नाहीत, इथल्या बाजारातलीच. पण सोलताना बोटांना तोच वास लागला आणि तुम्ही समोर आलात, खांद्यावर दुपट्टा, खिशात कागदाची पुडी आणि चेहऱ्यावर चोराचा भाव.

पंच्याऐंशी साल असावं, मी पाचवीत होते. रामाकोन्याचे मोठे बाबा, तुमचे थोरले भाऊ, आदल्या वर्षी वारले होते. गुडघे दुखले की किराणा दुकानातून गोळ्या आणून खायच्या, बीपी कधी मोजायचं नाही. पाय सुजल्यावर नागपूरला नेलं, तर दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. म्हणून सौसरच्या डॉक्टरांनी तुमचंही बीपी वाढलंय म्हटल्यावर आई हादरली. डॉक्टर म्हणाले, "किडनी अजून चांगली आहे, आताच सांभाळा. मीठ कमी करा, बीपीची गोळी रोज घ्या, दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका." तुम्ही मान डोलावलीत आणि घरी येऊन पहिल्याच जेवणात वरून मीठ मागितलंत. आईनं तुम्हाला सरळ जामसांवलीला नेऊन मारुतीसमोर शपथ घ्यायला लावली, जेवताना वरून मीठ घेणार नाही.

शब्द तुम्ही पाळलात. फक्त शब्दच! संत्रा-तोडीच्या दिवसांत मी बागेत आले, तर तुम्ही झाडाखाली बसून फोडींवर पुडीतलं मीठ भुरभुरत होतात.

"बाबा, मीठ खाऊन राहिले?"

"जेवतानाचं बोललो होतो, माय. हे काय जेवन होय? हे तर फळ होय."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मोठ्या बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, ते मी पाहिलं होतं. तुमचे पाय तसे व्हायला नको होते मला. आईला सांगावं तर घरात महाभारत. म्हणून दुसऱ्या दिवशी खुंटीवरच्या सदऱ्यातून पुडी काढली, मीठ ओतून टाकलं आणि पिठीसाखर भरली. बागेत आईची पाठ वळताच तुम्ही पुडी भुरभुरून फोड तोंडात टाकलीत आणि थबकलात. आधी माझ्याकडे पाहिलंत, मग आईकडे.

"काय झालं जी? आंबट लागून राहिलं का?" आईनं विचारलं.

"नाही वो. मस्त गोड आहे," म्हणालात आणि आख्खं संत्रं संपवलंत. तक्रार करायची तर चोरी कबूल करावी लागली असती! पुडी पुन्हा दिसली नाही. बीपीची गोळीही कधी चुकली नाही. दरवर्षी सौसरला तपासून आलात की दारातूनच ओरडायचात, "किडनी पास झाली!" आणि आई लगेच चहा टाकायची. ब्याऐंशी वर्षं जगलात, पाय शेवटपर्यंत सुजले नाहीत. मला त्याचा अजून आनंद होतो, बाबा, फार आनंद होतो.

आता बीपी माझंही वाढलंय. ही गोष्ट लेकीला मी कितीदा हसत सांगितली, पण माझ्या पर्समध्येही एक पुडी असते हे सांगितलं नाही. काल कुणी बघत नाही असं पाहून ती उघडली, फोडीवर भुरभुरली, तोंडात टाकली. पिठीसाखर!

"गोड आहे का गं आई?" लेकीनं आतून विचारलं.

"मस्त," म्हणाले आणि आख्खं संत्रं संपवलं.

पुडी मीच बदलली, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून कबूल करते. मी अजून तिला काहीच बोललेले नाही.