घरमालकिणीकडचा पासपोर्ट

गुरुवार संध्याकाळ, इंद्रपुरी

मुक्ताचा पासपोर्ट अजून तिच्या दानांगच्या घरमालकिणीकडेच आहे. भाडेकरूची पोलिसांत नोंद करायची म्हणून त्या बाईने सोमवारी नेला. हरवला म्हणाली तर? परदेशात पासपोर्ट कोणी हातचा सोडतं?

"झेरॉक्स द्यायची, मूळ नाही! एवढीही अक्कल नाही?" मी फोनवर ओरडले.

"आई, वरच्या भाडेकरू मुलीचं आधारकार्ड तूही ठेवून घेतलंयस ना, पोलीस व्हेरिफिकेशनला?"

"मी काय पळून जाणार आहे?"

"मग ही कुठे जाईल? तिचंही स्वतःचं घर आहे."

उद्धट कार्टी. पण कार्ड खरंच आठवडाभर माझ्या कपाटात होतं. वर जाऊन देऊन आले. जिना उतरताना त्या पोरीचा फोनवरचा आवाज ऐकला, "मम्मी, कार्ड मिल गया. अब तो खाना खा लो."

पासपोर्टचा पत्ता नाही. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.