फुंकरीचा आकडा

३ जून
अखेर नोकरी मिळाली! प्रयोगशाळा टीचभर, पण खिडकीतून थेट चिमणीच्या शाळेचं फाटक दिसतं. चिमणी म्हणजे माझी लेक. वय सहा, बडबड साठीतली. साडेतीनला माझं काम संपणार, पावणेचारला तिची शाळा सुटणार. आम्हा दोघींना आणखी काय हवं?

यंत्र मात्र भलतंच लाडावलेलं. ते सांभाळणारे काका म्हणाले, रोज सकाळी आधी त्याच्या नळीत फुंकर मारायची, मगच ते कामाला लागतं. श्वासातल्या पाण्याचे आयन ते तोलतं. ऑक्सिजनचे सोळा, तीन हलक्या हायड्रोजनचे तीन; आकडा एकोणीस आला की सगळं ठीक. मी फुंकर मारली. एकोणीस. वहीत लिहिलं.

५ जून
काम असं: यंत्रात जड पाणी सोडायचं. दिसायला साधं पाणीच, फक्त त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. आयन आणि जड पाण्याचा रेणू भेटले की जड हायड्रोजन आयनाच्या आत शिरतो, हलका बाहेर पडतो. मग सगळं संथ होतं. किती संथ, ते मी मोजते.

शेवटी नळी वीस मिनिटं गरम करून सुकवायची, अशी काकांची सक्त ताकीद. माझ्या आधीच्या बाई घाईत ते टाळायच्या म्हणे. त्यांचं पुढे काय झालं, असं विचारलं तर काका चष्मा पुसत बसले.

१२ जून
मीटिंग लांबली. तीन चाळीस झाले होते. फाटकात एकटी राहिली की चिमणी रडते. नळी तशीच ओली सोडून धावले. एका दिवसानं काय बिघडतंय!

१३ जून
आकडा वीस. म्हणजे आयनातल्या तीन हायड्रोजनपैकी एक जड. नळीची ओल असेल. जिना चढताना मात्र पाय उचलेनात.

१७ जून
एकवीस. नळी तीनदा सुकवली. काकांनी फुंकर मारली, एकोणीस. मी मारली, एकवीस. काका माझ्याकडे बघेनात.

चिमणी विचारत होती, आई इतकी हळू का बोलते म्हणून. मला तर नेहमीसारखंच वाटतं. मला भीती वाटते आहे.

१९ जून
जड आत आलं की हलकं बाहेर पडतं. रोज मीच लिहिते हे. मग माझ्यातलं हलकं — कुठे गेलं?

खिडकीतून पाहिलं. शाळेच्या फाटकाशी कुणीतरी उभी होती. माझीच पिवळी छत्री. माझीच मान.

२० जून
बावीस. तिन्ही जड. आता बदलायला काही उरलं नाही.

तीनलाच निघाले. शाळा समोर, तरी पोचायला पाच वाजले — रखवालदार हसला. म्हणाला, मघाशीच तर नेलंत की ताई, दोघी उड्या मारत गेलात —

घराच्या पायरीवर लिहिते आहे. दार आतून बंद. थाप मारली. हात दारापर्यंत जायलाच किती वेळ —

आत चिमणी खिदळते आहे. कोण आलंय, विचारते आहे. आणि माझाच आवाज, भरभर, हलका, तिला सांगतो आहे की कुणी नाही —

चिमणे, मी इथे आहे, मी