टेबलावरची सुताची लड

मास्तर, तुम्ही मला बायबल वाचायला शिकवलंत आणि पुढे त्याच बायबलाने मी तुम्हाला झोडपलं. बेचाळीस साली तिसगावच्या आपल्या देवळात हंगामाचा सण होता. बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, जो तो आपलं पहिलं पीक टेबलावर ठेवत होता. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. तुम्ही स्वतः कातलेल्या सुताची लड ठेवलीत. मी मंडळीचा नवा पंच, अंगात वारं शिरलेलं. बाहेर धरपकड चालू, आणि सरकार देवाने नेमलेलं असतं हे मला तोंडपाठ. मी लड उचलतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, "हे काइनाचं अर्पण आहे. देव याच्याकडे बघत नाही." ती गोष्ट तुम्हीच शिकवलेली: काइनाने शेताचं पीक आणलं, धाकट्या हाबेलाने मेंढरं; देवाने हाबेलाचं घेतलं, काइनाचं नाकारलं, आणि काइनाने भावाचा जीव घेतला.

मागून एक म्हातारी म्हणाली, "काइनानं बी शेतातलंच आनलं हुतं की. मंग आमची बाजरी कुनाची?" लोक हसले. मी चिडलो आणि लड दाराबाहेर ठेवून आलो. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. "अर्पण देवानं नाकारलं," एवढंच म्हणालात, "हाबेलानं ते उचलून बाहेर न्हाई टाकलं."

पाच वर्षांनी चावडीपुढे झेंडा लागला. ख्रिस्ती लोकांनी काय केलं, असं कुणीतरी खवचटपणे विचारलं. मी ताडकन उठून म्हणालो, "आमच्या देवळात बेचाळीसलाच सूत अर्पण झालं होतं!" टाळ्या पडल्या. तुम्ही समोरच बसला होतात. एकाने विचारलं, "खरं का, मास्तर?" "व्हय, ठेवलं हुतं," तुम्ही म्हणालात, आणि पुढचं गिळून टाकलंत. त्या दिवशी मला उघडं पाडलं असतंत तर बरं झालं असतं. पुढे तुम्ही गेलात. तुमच्या पेटीला खांदा दिला, पण तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते, मास्तर, फार लाज वाटते.

देवळात राजकारण नको हे मी आजही म्हणतो. शास्त्राचा काना-मात्रा बदलू नये, हेही. मंडळीसमोर सध्या उत्पत्ती ओळीने वाचतो आहे. गेल्या रविवारी चौथ्या अध्यायाची, काईन-हाबेलाची पाळी होती. मी पाचवा वाचला. कोण किती वर्षं जगला आणि मेला, तेवढंच आहे त्यात.