दादाच्या कोऱ्या पट्ट्या

हैदराबाद

सौ. रंजूले,

मी बरा आहो. जेवण टायमावर होते, खोलीही हवेशीर आहे. आपल्या अड्याळच्या वावरात धान निसवला का? दामिनी शाळेत जाते, का अजून रडते?

चिठ्ठी काहून लिहिली म्हणशील. फोन तू स्पीकरवर ठेवते अन् आई बाजूलेच बसून असते. हे तिले सांगू नको.

कंपनीत सगळ्यांचं रक्त तपासलं. माह्या रक्तात चरबी जास्त निघाली. डॉक्टरनं रोज घ्याची गोळी देली, भ्याचं काही नाही म्हणते. पण पट्टी हातात घेतली अन् वळखली. लिलाधरदादाले होती तीच गोळी.

दादा अटॅकनं गेला तेव्हा आई म्हणे, याच गोळीनं माह्या पोराचं काळीज खाल्लं. दहाव्याले त्याच्या कपड्यासंगं गोळ्याही पवनीले वैनगंगेत सोडाले लावल्या. मीच सोडल्या.

तेव्हा ध्यानात आलं नाही, आता सारखं डोळ्यापुढे येऊन राहिलं. सगळ्या पट्ट्या कोऱ्या होत्या, रंजू. दादानं एकही गोळी फोडली नव्हती. "मले काही दुखतच नाही, तं गोळी कायले खाऊ?" असं म्हणे तो.

मी रोज घेतो, तू फिकर करू नको. आईलेही भंडाऱ्याले नेऊन रक्त तपासजो. साखर पाहाची आहे म्हणून सांगजो. तिच्या पाया पडतो, दामिनीचा पापा घेजो.

तुमच्या छातीत दुखते का, म्हणून विचारशील. नाही, रंजू. मलेही काहीच दुखत नाही.

तुहाच,
धनंजय