अमावस्येचे चार ठिपके

शनिवार, २२ नोव्हेंबर

सही केली नाही.

पुण्याच्या कंपनीला शुक्रवारपर्यंत आमच्या पिनांचा क्षमता-अहवाल हवाय. पसंत पडला तर वर्षभराचं काम. मंगळवारपासून मोजलेल्या सव्वाशे नगांवरून, मशीन मापाच्या मर्यादेत किती नीट राहतं त्याचा आकडा निघाला – सीपीके दीड. कारखान्याचे उदयसिंह साहेब खूश. "कर सही, पाठवू." माझी पहिली सही. गावी, कवठे महांकाळला, आण्णांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय – घरात शिकलेली ही पहिलीच, आता तिच्या सहीनं माल जातो.

पण माप वेळेनुसार कसं सरकतं ते दाखवणारा कंट्रोल चार्ट कुणी काढलाच नव्हता. खोलीवर येऊन काढला. पाच नगांची सरासरी म्हणजे एक ठिपका; वर-खाली मर्यादेच्या दोन रेषा. गुरुवारचे चार ठिपके वरच्या रेषेबाहेर. मशीन एका जागी स्थिर नाही, तर त्याची क्षमता कसली सांगू?

सोमवार, २४ नोव्हेंबर

चार्ट साहेबांपुढे ठेवला. "आगं, आकडा चांगला आलाय की. कशाला उकरतीस?"

पिना करणाऱ्या लेथवरच्या बिराप्पाकाकांना वाटलं, ठपका त्यांच्यावरच. "बावीस वर्सं झाली या मशीनवर. तू कवा आलीस?"

खरंच आहे. मग त्यांनाच विचारलं, गुरुवारी काय वेगळं झालं?

"काय न्हाई. आवस होती. मशीन धुतलं, नारळ फोडला, दोन तासांनी चालू केलं."

म्हणजे तेवढा वेळ बंद, गार! एरवी ते दिवसरात्र चालतं, तापलेलं असतं. आजही रविवारच्या सुट्टीनं गार होतं. सकाळचे पहिले वीस नग मोजले – सगळे जाड.

"आता पूजा बंद करायला लावतीस व्हय?"

"न्हाई काका. नारळ फोडा. मग वीस मिनिटं रिकामं फिरवा."

काका म्हणाले, "परसाद खाऊस्तवर फिरंल की."

बुधवार, २६ नोव्हेंबर

नवे सव्वाशे नग. सगळे ठिपके रेषांच्या आत. चार्ट मशीनलाच टांगलाय, काका स्वतः ठिपके देतात.

सीपीके मात्र एक पूर्णांक चार. साहेबांचं तोंड उतरलं. एरवीचे नग मापाच्या मध्यापेक्षा जरा बारीक; त्या जाड नगांनी सरासरी मध्याकडे ओढली होती, म्हणून आधीचा आकडा देखणा दिसत होता. पुण्याला हवाय त्यापेक्षा हाही जास्तच आहे. आणि हा खरा आहे. मी काढलेला. आज जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उद्या सही. पेन बदललं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी सही केली. कागद घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघाले तोच मागे मशीन थांबलं. काकांनी थांबवलं होतं.

"थांब पोरी. आत्ताचा ठिपका रेषेच्या भाईर गेलाय. कागद माघारी घे."

घेतला. सही खोडली. मुदत आजचीच – तरी दिवसभर हसू आवरेना.