विकतचं चीज

भुसावळ, रविवार, जानेवारी १९५४

रेल्वेतल्या साहेबांच्या बंगल्यावर खाल्लं तेव्हापासून चीजचं वेड ह्यांनाच. म्हणून तर मी शेजारच्या अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हरच्या बायकोकडून करायला शिकले. पहिल्यांदा लिंबू जास्त पडलं, नुसता भुगा झाला. काल जमलं. फाडलेलं दूध जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलं, मीठ लावून रात्रभर पाट्याखाली दाबलं. सासूबाई म्हणाल्याच, "दूध लक्ष्मी शे, तिले मुद्दाम कसाले नासाडस?" हे पेपरात तोंड खुपसून बसले. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आज साहेब चहाला आले. फोडीवर फोडी खाल्ल्या आणि विचारलं, कुठून आणलंत? मी दाराआड उभी, हातात ते ओलं फडकं. हे म्हणाले, "मुंबईहून मागवलं." माझ्या शेजारी सासूबाईंनी हुश्श केलं. घरची सून दूध नासवते हे साहेबाला कशाला कळायला हवं, नाही का? जाताना साहेब म्हणाले, आमच्यासाठीही मागवा.

मग हे स्वयंपाकघरात आले. वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलले. "उद्या दूध जास्त घे."

फडकं चुलीत घातलं. ओलं आहे, नुसतं धुमसतंय.